दिवा मोठा झाला तेव्हा

आमच्या फाट्यावरच्या चहाला रॉकेलचा वास यायला लागला तेव्हा पहिलं बोट माझ्याकडं दाखवलं गेलं. हॉटेल माझं, चहा माझा, त्यामुळे लोकांचंही चुकलं नव्हतं. कुणी म्हणालं, राधाकिशन स्टोव्हला हात लावतो आणि त्याच हातानं साखर टाकतो. मी गॅसची टाकी दाखवली. मग म्हणाले, दुधात खोट आहे. त्यावरून माझं आणि दूधवाल्याचं चांगलंच वाजलं, आणि माझा स्वभाव असा तापट की नको ते बोलून बसलो. एके दिवशी वैतागून नुसता पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेव्हा कळलं की वास पाण्यालाच आहे. पाणी गावविहिरीचं होतं.

पिंपळखोरी फाटा म्हणजे शिरूर कासारच्या रस्त्यावरची चार दुकानं. माझं हॉटेल, समोर सुग्रीवअण्णांचा पेट्रोल पंप, पंपाच्या मागं उतारावर गावविहीर आणि तिच्याखाली नाला. पंपावर उभं राहून हाक मारली तर विहिरीवर ऐकू जाते. तरी विहिरीतल्या वासाचा आणि पंपाचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. फाट्यावर पेट्रोलचा वास यायचाच. लग्नघरात जसा तेलाचा वास येतो आणि कुणी विचारत नाही, तसं आमचं झालं होतं. सरपंचानं ठरवलं की गाळ सडलाय, विहीर उपसून टाकू.

विहीर उपसायची म्हटल्यावर आमच्या भागात गहिनीनाथ आणि दगडाबाई सोडून दुसरं नाव निघत नसे. मला सांगायचं आहे ते दगडाबाईबद्दल. लोकांनी तिच्याबद्दल इतकं वाईटसाईट पसरवलं आहे की कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि मी तिच्या नवऱ्याचा दोस्त आहे.

हे जोडपं पूर्वी इतरांसारखंच ऊस तोडायला जायचं. दिवाळी झाली की गाडीत भांडीकुंडी टाकायची आणि पार उन्हाळ्यापर्यंत दुसऱ्याच्या फडात राबायचं. उन्हाळ्यात परत आलं की गहिनीनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ परमेश्वर विहिरींचा गाळ काढायचे. धारूरकडच्या एका विहिरीत परमेश्वर उतरला आणि वर आलाच नाही. विहिरीत आदल्या दिवशी डिझेलचं इंजिन चालवलं होतं, धूर खाली बसून राहिला होता. वरून बघणाऱ्यांना वाटलं तो बसून विडी पेटवतोय. त्याला काढायला गहिनीनाथ उतरायला निघाला, तर दगडाबाईनं त्याचं धोतर धरून ठेवलं. तो शिव्या देत होता, हात उगारत होता, पण तिनं सोडलं नाही. म्हणून तो वाचला.

त्यानंतर दगडाबाईनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, ऊसतोडीचा कोयता सोडायचा आणि हेच काम नीट करायचं. दुसरी, विहिरीत माणसाच्या आधी दिवा उतरेल. दिवा सोडायची चाल जुनीच आहे. खाली हवा कोंडली असली की दिवा विझतो, आणि दिवा विझला की उतरायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण घाईत कोण सोडतो? कुणी सोडला तरी पटकन वर ओढतो आणि हं, चला, म्हणतो. दगडाबाईनं त्यात आपला कायदा घातला. जो उतरणार त्याच्याच घरच्या माणसानं दिवा सोडायचा. परक्याला काय, त्याला विहीर लवकर व्हायला हवी असते.

कपिलधारच्या जत्रेत घेतलेला तिचा कंदील होता. काचेला एका बाजूला तडा, कडी तुटलेली म्हणून तार लावलेली. ती कठड्याशी बसायची, तोंडात मिश्री, आणि दोर हातानं असा हळूहळू सोडायची की बघणाऱ्याला झोप यावी. कंदील थोडा खाली न्यायची, थांबायची, बघायची, पुन्हा थोडा खाली. माणूस पायऱ्यांवरून उतरायचा तेव्हाही कंदील त्याच्या पुढं पुढं खाली जायचा. आधी ज्योत, मागं नवरा. ती "उतरा" म्हणेपर्यंत गहिनीनाथ काठावर उकिडवा बसून राहायचा. आम्ही चिडवायचो, काय बे, बायकोला विचारल्याशिवाय पाय पण टाकत नाहीस? तो हसायचा. म्हणायचा, "घरात ऐकत न्हाई ना हिचं, म्हनून हितं ऐकतो."

असा माणूस होता. आमच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांचं बघून सगळे दिवा सोडायला शिकले. बायका नवऱ्याला दिवा सोडायच्या, आया मुलांना सोडायच्या. त्यानंतर आमच्या बाजूला विहिरीत गुदमरून कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. दगडाबाईचं कौतुक मात्र कुणी कधी केलं नाही. तिला सगळे दिवेवाली म्हणायचे, तेवढंच.

गावविहीर उपसायची ठरली त्या सकाळी मोटार लावून पाणी काढलं, तळाला गुडघाभर राहिलं. मी चहाची किटली घेऊन गेलो होतो. विहिरीजवळ वास येत होता, पण मोटार चालली की ऑइलचा वास येतोच. गहिनीनाथनं चहा घेतला. दगडाबाईनं कंदील पेटवला आणि दोर सोडायला सुरुवात केली. मी कप गोळा करत मागं वळलो होतो, एवढ्यात तिचा आवाज आला, "उतरा." गहिनीनाथ उतरायला लागला. तो अर्ध्यात पोचला असेल.

आवाज मोठा नव्हता. भप्प झालं एवढंच, आणि विहिरीच्या तोंडातून जाळ वर आला. मी मागं पडलो. उठून बघतो तर दगडाबाई कठड्यावर वाकून जळत्या दोरालाच ओढत होती, जणू दोराला नवरा बांधलेला होता. तिच्या दोन्ही हातांची कातडी निघून आली तरी तिनं दोर सोडला नाही. गहिनीनाथ कसा वर आला ते मला नीट आठवत नाही. लोक म्हणतात तो स्वतः चढून आला. मला दिसला तेव्हा त्याच्या अंगावर कपडा नव्हता आणि तो पाणी मागत होता. विहीर समोर होती आणि आमच्याकडं त्याला द्यायला चांगलं पाणी नव्हतं.

बीडला नेलं, तिथून संभाजीनगरला पाठवलं. चार-पाच दिवस तो होता, मग गेला. दगडाबाईचे हात बांधलेले होते, त्यामुळे तिला त्याच्या तोंडात पाणीही घालता आलं नाही. ते काम तिची लेक दीपमाला हिनं केलं.

तो दवाखान्यात होता तेव्हाच इकडं फाट्यावर दोन गोष्टी फिरायला लागल्या होत्या. पंपाकडून आलेली गोष्ट अशी की दगडाबाईनं दिव्यासाठी बाटलीतून पेट्रोल नेलं होतं आणि ते विहिरीत सांडलं. बाकी लोकांची गोष्ट अशी की दिवा खाली जाऊन विझला होता, तरी बाईनं आळस केला आणि नवऱ्याला उतरवलं. दुसरी गोष्ट ऐकून मला पहिलीपेक्षा जास्त राग आला. विझलेल्या दिव्यानं आग कशी लागेल, एवढाही विचार कुणाला करवेना. पण पोरका दोष असला की लोक तो जवळ दिसेल त्याच्या पदरात टाकतात.

तेराव्यानंतर दगडाबाई माझ्या हॉटेलात येऊन बसली. हातांना पट्ट्या होत्या, बोटं आत वळायला लागली होती. मी तिला बशीत चहा ओतून तोंडाशी धरला. पिऊन झाल्यावर ती खाली बघत म्हणाली, "भाऊ, दिवा इझला नव्हता. दिवा मोठा झालता."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. कंदील थोडा खाली गेला आणि वात आपोआप वर चढल्यासारखी झाली. ज्योत लांब झाली, काचेच्या वरपर्यंत आली, कडेनं निळी दिसायला लागली. असा दिवा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. लहान झालेला पाहिला होता, विझलेला पाहिला होता. मोठा झालेला दिवा बघून तिला वाटलं, खाली मोकळी हवा भरपूर आहे, आज देवाची कृपा आहे. गहिनीनाथनंही वरून पाहिला होता. तो म्हणाला होता, लई झाक जळतोय. आणि ती म्हणाली, उतरा.

"त्येंनी दवाखान्यात सांगितलं मला," ती म्हणाली. "दिवा मोठा झालता हे कुनाला सांगू नको. लोक तुला खातील."

मी तिला तेच सांगितलं. म्हटलं, वहिनी, ही गोष्ट इथंच पुरून टाका, गहिनीनाथ शहाणा होता. तिनं मान हलवली. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी योग्य सल्ला दिला, आणि आजही त्याबद्दल माझं मन मला खात नाही. नवरा गेलेल्या बाईनं आणखी किती सोसायचं?

त्याच आठवड्यात संस्कृती मॅडम आल्या. भूजलाचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकारी, वयानं लहान, डोक्याला रुमाल बांधलेला. पहिल्या दिवशी सुग्रीवअण्णांनी त्यांच्यासाठी पंपावर खुर्ची टाकली, सरबत मागवलं. मॅडमनी सरबत घेतलं, आभार मानले आणि त्या ऊन उतरेपर्यंत उन्हातच फिरल्या. विहिरीच्या तोंडाशी एक छोटं यंत्र धरून हवा तपासली. पाणी काचेच्या बाटल्यांत घेतलं, बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. मग लांब दांड्याच्या गिरमिटानं जमिनीत भोकं पाडायला लागल्या. विहिरीपासून सुरुवात केली आणि उताराच्या उलट, पंपाच्या दिशेनं एकेक भोक पाडत गेल्या. प्रत्येक भोकातली माती त्या हातावर घ्यायच्या, हुंगायच्या, पिशवीत भरायच्या.

दगडाबाई रोज येऊन बाभळीखाली बसायची आणि बघायची. पहिल्यांदा मॅडमना वाटलं काहीतरी मागायला आली असेल. नंतर कुणीतरी सांगितलं ही कोण. मॅडमनी तिच्याजवळ जाऊन बसून माती तिच्या नाकाशी धरली. वरची काळी माती साधी होती. तिच्याखालचा मुरूम नाकात झणकन जायचा. पंपाकडं सरकत जावं तसा वास वाढत गेला. शेवटच्या भोकातला मुरूम ओला होता आणि तो पाण्यानं ओला नव्हता.

सुग्रीवअण्णा म्हणाले, फाट्यावर गाड्या उभ्या राहतात, गळत असतील. मॅडमनी विचारलं, तुमच्या टाकीत भरतं तेवढं विकलं जातं का? अण्णा म्हणाले, उन्हानं थोडं उडतं. मॅडमनी फार ताणलं नाही. वरून आदेश आणून त्यांनी पंप बंद केला आणि टाकी उकरायला लावली. अण्णांची पोच मोठी आहे, त्यांना वाटलं नव्हतं ही पोरगी टाकीपर्यंत जाईल. मलाही वाटलं नव्हतं.

टाकी क्रेननं वर काढली तेव्हा सगळा फाटा जमला होता. खालचा खड्डा काळा पडला होता, वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. टाकी जुनी, तिच्या तळाला अंगठा जाईल एवढं एक भोक होतं. मॅडमनी ते कसं झालं ते सांगितलं. पंपावर रोज सकाळी तेल मोजायला वरून लांब गज टाकीत सोडतात. तो गज जिथं आपटतो तिथं आतून जाड पत्रा लावायचा असतो. तो इथं नव्हता. वर्षानुवर्षं गज एकाच जागी टकटक आपटत राहिला, पत्रा झिजला, खालून गंजला आणि एक दिवस फुटला. मोजणारा रोज इमानानं मोजत होता.

"एवढंच?" दगडाबाई भोकाकडं बघत म्हणाली. "एवढ्याशा भोकानं?"

मॅडमनी तिला समजावून सांगितलं. पेट्रोल मुरमातून झिरपून खडकाच्या भेगांत गेलं, भेगांतून विहिरीत आलं. पाण्यावर ते तरंगत राहतं. मोटार लावून पाणी उपसलं तसं भेगांतलं पेट्रोल आणखी जोरानं विहिरीकडं ओढलं गेलं आणि त्याची वाफ रिकाम्या विहिरीत खाली बसून राहिली. गहिनीनाथ दिव्याशिवाय उतरला असता तरी तळाशी जाऊन बेशुद्ध पडला असता. मी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, सुटली. आता पेट्रोल बाईनं नेलं असं कुणाला म्हणता येणार नाही. दोष टाकीचा आहे, टाकी डोळ्यांसमोर टांगलेली आहे. अण्णांवर केस होईल, दगडाबाईला भरपाई मिळेल, दीपमालाला सासरी मान वर करता येईल. फक्त तिनं एक वाक्य पोटात ठेवायचं होतं.

पण मॅडमचं काम तिथं संपलं नव्हतं. त्या नाल्याच्या कडेनं खाली निघाल्या. भेगा काही गावविहिरीपाशी थांबत नाहीत, त्या म्हणाल्या. खालच्या अंगाला रामेश्वरची विहीर आहे, तिच्या पुढं आणखी आहेत. त्यांच्या पाण्याचे नमुने घेतले, पण तपासून यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत कुणी विहिरीत उतरू नका असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. लोक हो म्हणायचे. मॅडमची गाडी वळली की आपापसात बोलायचे. पाणी आटलेलं, ऊसतोडीहून माणसं घरी आलेली, गाळ काढायचे दिवस हेच. पुन्हा दिवाळीनंतर कोण असतं घरी?

रामेश्वर माझ्याकडं चहाला आला तेव्हा दगडाबाई आतल्या बाकावर होती, ते त्याला दिसलं नाही. मी म्हटलं, रामेश्वर, घाई करू नको. तो म्हणाला, "आमी काय दिवा सोडल्याबिगर उतरनार हाव का? दगडाबाईचा दिवा इझलता, तरी तिनं उतरिवलं. आमचा दिवा चांगला फक्क जळला की मंग उतरू. त्यात भ्यायचं काय हाय?"

तो गेला. दगडाबाई बाकावरून उठून ओट्याशी आली. मग म्हणाली, "भाऊ, त्यो बी माझ्यासारखाच दिवा बगनार."

मी म्हटलं, आपण त्याला एकट्याला गाठून सांगू. ती म्हणाली, रामेश्वर एकटा आहे का? नाल्याला विहिरी किती, आणि त्यातला कोण कधी उतरेल हे आपल्याला कुठं ठाऊक? आणि एकाला कानात सांगितलं तर लोक विचारतील, तुला कसं माहीत. मला तिचा राग आला. मी जरा मोठ्यानंच म्हणालो की लोकांनी तुमच्यावर विझलेल्या दिव्याचा ठपका ठेवला तेव्हा यातला एक जण तुमच्या बाजूनं बोलला का? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी फडका घेऊन ओटा पुसायला लागलो.

ग्रामपंचायतीत जबाब घ्यायला सगळे बसले त्या दिवशी तहसीलचे साहेब होते, पोलीस होते, मॅडम होत्या. सुग्रीवअण्णा पुढच्या खुर्चीवर होते, त्यांच्या शेजारी त्यांचा वकील. दाराखिडक्यांत गाव होतं. वकिलानं दगडाबाईला पेट्रोलच्या बाटलीबद्दल विचारलं. टाकी निघाल्यावर त्या प्रश्नात दम उरला नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. ती नाही म्हणाली. साहेब कागद गोळा करायला लागले. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात ती उभी राहिली. साहेबांकडं पाठ करून ती खिडकीतल्या लोकांकडं वळली.

"माझा दिवा इझला नव्हता," ती म्हणाली. "दिवा मोठा झालता. वात वर चढली, निळी दिसली. मला वाटलं हवा चांगली हाय. मी म्हनले, उतरा. तुमच्या हिरीत दिवा मोठा झाला तर तिथं थांबू नका. दोर टाकून पळा."

वकील हळूच म्हणाला, म्हणजे ज्योत वेगळी दिसत होती हे तुम्हाला कळलं होतं, तरी तुम्ही उतरायला सांगितलं. ती हो म्हणाली. त्यानं साहेबांना ते लिहून घ्यायला सांगितलं. संस्कृती मॅडम मध्ये बोलल्या. वाफ विरळ असली की ज्योत अशी लांबते आणि खाली दाट वाफ लागली की एकदम सगळं पेटतं, हे सामान्य माणसाला माहीत असणं शक्यच नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. साहेबांनी तेही लिहिलं. पण लोकांच्या कानात राहिलं ते एकच, की बाई स्वतःच्या तोंडानं कबूल झाली. बाहेर पडताना एका म्हातारीनं तिच्या वाटेतून नात बाजूला ओढली. ते मी पाहिलं, दगडाबाईनंही पाहिलं.

पुढचं सगळं अण्णांच्या वकिलाला हवं तसंच झालं. अहवालात टाकीची गळती आली, माती आणि पाणी नासल्याचं आलं, अण्णांना दंड झाला. गहिनीनाथच्या मरणाच्या जागी मात्र निष्काळजीपणा हा शब्द आला, आणि तो कुणाचा हे सगळ्यांना कळलं. भरपाईचा अर्ज परत आला. अर्जासाठी आम्ही धरलेला वकील म्हणाला, बाई गप्प राहिली असती तर मी अण्णांना सोडलं नसतं. दीपमाला माहेरी राहिली, का ते मी विचारलं नाही. पंपाला नवी टाकी बसली, नवा रंग लागला. गावविहिरीवर जाळी टाकून लाल पाटी लावली. आम्ही टँकरचं पाणी प्यायला लागलो. मॅडम म्हणाल्या, ही विहीर पुन्हा प्यायच्या कामाची व्हायला एक पिढी जाईल. मी माझ्या चहाच्या पाटीवर टँकरचे पाणी असं लिहून घेतलं, कारण गिऱ्हाईक अजून कप हुंगून बघतं.

दगडाबाईच्या वाटेला कुणी जात नव्हतं. आधी तिच्याकडून दिवा सोडायला शिकलेल्या बायका रस्त्यात दिसली की पदर पुढं ओढायच्या. तिची बोटं तळव्याला चिकटल्यासारखी झाली होती. भाकरी दीपमाला भरवायची. मी आठवड्यातून एकदा जायचो, तंबाखू मळून द्यायचो, आणि दर वेळी मनात यायचं की हिनं गहिनीनाथचं ऐकायला हवं होतं. एकदा बोलूनही दाखवलं.

मग पुढच्या उन्हाळ्यात, खालच्या विहिरींच्या पाण्याचा निकाल अजून आलेला नसताना, एका सकाळी मी हॉटेल उघडत होतो तेव्हा नाल्याच्या अंगाला धूर दिसला. लोक पळत होते, मीही पळालो. रामेश्वरच्या विहिरीतून जाळ निघून काठावरची शेवरीची झाडं पेटली होती. मला वाटलं, संपलं. जवळ जाऊन बघतो तर रामेश्वर बांधावर मातीत बसलेला होता, धापा टाकत, अंगावर चरा नाही. त्याची बायको वनमाला त्याची बाही अजून मुठीत धरून होती. ती बाही खांद्यापासून उसवली होती. त्यांनी काय झालं ते मला सांगितलं. मी हॉटेल तसंच उघडं टाकून दगडाबाईच्या वाडीवर गेलो.

दगडाबाई ओट्यावर बसली होती. मी सांगितलं, रामेश्वरच्या विहिरीत भडका झाला. ती उठायला लागली. मी घाईनं म्हटलं, माणसं चांगली आहेत, कुणाला काही झालं नाही.

"दिवा कुनी सोडलता?" तिनं विचारलं.

"वनमालानं."

"रामेश्वर कुठं व्हता?"

"पहिल्या पायरीवर. एक पाय टाकला होता."

"मग?"

"दिवा मोठा झाला. वनमाला म्हणाली, थांबा. तो म्हणाला, चांगला जळतोय की. तिनं दोर टाकून दिला, त्याची बाही धरली आणि ओढत बांधापर्यंत नेला. कंदील खाली पडला, मग पेटलं."

दगडाबाईनं वळलेल्या हातांनी पदर डोळ्यांकडं न्यायचा प्रयत्न केला, तो धरता आला नाही. गहिनीनाथच्या तेराव्याला ती रडली नव्हती, जबाबाच्या दिवशी रडली नव्हती. आता तिच्या तोंडातून आवाज येत होता आणि दीपमाला आतून धावत आली.

"थांबा," दगडाबाई म्हणाली. "एवढंच म्हनायचं व्हतं, भाऊ. एवढंच."